अडीच हात अंतर

पेणजवळच्या जोह्यातल्या हैबतरावांच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी पुतळी करायची. मूर्तीचा रंग झाला, शेल्यावर सोनेरी काठ चढला, की सगळ्यांत शेवटी मूर्ती तिच्या पुढ्यात यायची. पुतळी मांडी घालून बसायची, बारीक कुंचला काळ्या रंगात टेकवायची, श्वास आत घ्यायची आणि तो सोडायच्या आत डोळा उघडलेला असायचा. बाजूला रेडिओ कोकलत असू दे, नाहीतर दोन बायांचं कडाक्याचं भांडण जुंपलेलं असू दे. रेघ चुकली म्हणून पुसायला फडकं मागितलंय, असं पुतळीनं कधी केलं नाही.

म्हणून ब्याण्णव साली हैबतरावांनी मुंबईहून कॅमेरा आणला, तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नाही.

"पुतळे, धर. व्यापाऱ्यांना दाखवायला अल्बम करायचाय. तुझा हात हालत नाय, तूच काढ."

"मला नाय येत ओ, शेट."

"यायचं काय त्यात? हितनं बघायचं, हे दाबायचं. एकच ध्यानात ठेव. मुकुटापासून उंदरापर्यंत सगळं आलं पाहिजे. समोरनं, मधोमध. कान कापलास, हातातला मोदक कापलास, तर गिऱ्हाईक म्हणेल मूर्ती..." हैबतरावांनी आवाज खाली आणला, "खंडित हाय."

त्या कारखान्यात हा शब्द कुणी मोठ्यानं बोलत नसे. बोट तुटलेल्या मूर्तीलाही 'दुखावली' म्हणायचे आणि पदराखाली झाकून मागच्या खोलीत न्यायचे. पुतळीनं ते वाक्य मनात गाठ मारून ठेवलं. मूर्ती पाटावर, आपण समोर, मग एक पाऊल मागं, अजून एक मागं, मुकुटाच्या वर बोटभर जागा दिसेपर्यंत मागं. अल्बम असा देखणा झाला, की पुण्याचे व्यापारी तो बघूनच मागणी नोंदवू लागले.

रोलमधले शेवटचे चार-पाच फोटो उरायचे. ते हैबतराव तिला देऊन टाकायचे. "काढ घरच्यांचे."

पुतळीनं घरच्यांचेही तसेच काढले. नवरा जगन शिफ्टवरून आला, त्याला दारात उभा केला आणि ती मागं मागं गेली. डोक्यापासून चपलेपर्यंत जगन आला पाहिजे. फोटो धुऊन आला, तेव्हा जगननं तो डोळ्याशी नेला, लांब धरला, परत डोळ्याशी नेला.

"हा माझा फोटो हाय की दाराचा?"

"तुमचाच. बघा की, पायसुद्धा आलेत."

"पाय आलेत ते झ्याक. पण तोंड कुठलं नि दारावरचा नारळ कुठला, कळंना."

ती खळखळून हसली. तेव्हा हसायला काही लागत नव्हतं. आई होती.

आईचं नाव शांती. पुतळीचा बाप मिठागरावर काम करायचा, तो गेला तेव्हापासून ती लेकीकडेच राहायची. दिवसभर ओटीवर काहीतरी पाखडत, निवडत बसलेली. संध्याकाळी पुतळी कारखान्यातून आली, की आई मान वर करायची नाही. हातातलं सूप थांबायचंसुद्धा नाही. फक्त डोळे वर यायचे, भुवयांच्या खालून, आणि ती म्हणायची, "आलीस गो?" बस. इतकंच. त्या नजरेत दिवसभराचं सगळं असायचं: उशीर का झाला, जेवलीस का, आलीस ते बरं झालं.

त्र्याण्णवच्या दिवाळीत पुतळीनं आईचा फोटो काढला. ओटीखाली, अंगणात उभी केली. आईनं पदर डोक्यावर घेतला. पुतळी मागं सरकू लागली. पेंढ्याच्या उडवीपर्यंत गेली, तिच्याही मागं गेली.

"अजून किती मागं जाशील गो?" आई ओरडली. "शेतात पडशील!"

"हालू नको. पाय येत नायत तुझे."

"माझे पाय घेऊन काय करतंस तू?"

आईनं हात वर केला तेवढ्यात पुतळीनं बटण दाबलं. उन्हासाठी कपाळावर हात धरत असेल, असं तिला वाटलं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता आई तापानं गेली. पाच दिवसांत. आईचा एकच फोटो होता, अंगणातला.

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून सगळे तो हातात घेऊन बसले. मोठं अंगण, मोठं आभाळ, आणि मधोमध, पायांसकट, अखंड, आई. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. दाण्यावर डोळे कुठले दिसणार?

तेव्हा काशी मावशी म्हणाली, "माझ्याकडं रोह्याला मोरू फोटोवाला हाय. तो मोठा करून देईल."

काशीबाई ही शांतीची धाकटी बहीण. दोघींत वर्षाचं अंतर. रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमीत राहायची. बोलायला फटकळ, उंचीनं चार बोटं कमी, पण चेहरा तोच. डोळे तर तेच.

पुतळी पेणहून गाडीत बसली नि रोह्याला उतरली. मोरूकाकांचं दुकान बाजारात, एका शिंप्याच्या शेजारी. काका साठीचे, चष्मा कपाळावर चढवलेला आणि तोच शोधत असलेले. त्यांनी निगेटिव्ह उजेडाला धरली, फिरवून परत धरली.

"चार दिवसांनी ये," म्हणाले.

चार दिवसांनी त्यांनी मोठा केलेला चेहरा पुढ्यात ठेवला. करड्या ठिपक्यांचा ढीग होता तो. डोळ्यांच्या जागी दोन डाग.

"आणखी मोठा करा ना, काका."

"आणखी मोठा केला तर ठिपके मोठे होतील. लांबून घेतलेलं मला जवळ आणता येत नाय, पोरी. कुणी काढलान् हा?"

पुतळी ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिली. काकांनी काय ते ओळखलं आणि चष्मा शोधू लागले.

घरी येऊन तिनं कागद घेतला, कुंचला घेतला. हजारो डोळे उघडलेत आपण, आईचे दोन उघडता येणार नाहीत? श्वास आत घेतला, रेघ ओढली. कागदावरून गणपती तिच्याकडे बघत होता. दुसरा कागद. परत गणपती. तिसऱ्यावर तिनं हात मुद्दाम वाकडा केला, तर वाकडा गणपती. हाताला एकच नजर ठाऊक होती, आणि ती आईची नव्हती.

त्यानंतर ती दर महिन्या-दीड महिन्याला रोह्याला जाऊ लागली. मावशीकडे. कधी तांदळाच्या पिठाची थैली घेऊन, कधी नुसतीच. मावशी पुढ्यात चहा ठेवायची आणि जगाला शिव्या घालत बसायची. पुतळी ऐकायची कमी, बघायची जास्त. मावशी हसताना डावा डोळा बारीक व्हायचा. आईचाही व्हायचा. पेणला परतताना गाडीत ती डोळे मिटून घ्यायची, जे बघितलंय ते सांडू नये म्हणून. पण कासू स्टेशनच्या पुढे गेलं, की सांडायचंच.

सत्त्याण्णवच्या संक्रांतीला मावशी म्हणाली, "आता शिमगा झाला की नको येऊस हितं. मी नाय सापडायची."

"म्हणजे?"

"पोरगा वापीला नेतोय. कायमची. घर भाड्यानं द्यायचं ठरलंय. तिथं म्हणे चौथ्या मजल्यावर राहायचं. चौथ्या मजल्यावर माणसं राहतात की घारी?"

पुतळीच्या हातातली बशी कलंडली. हे डोळेही जाणार. दुसऱ्यांदा जाणार, आणि पुन्हा आपल्याकडे काही नसणार.

ती तिथून उठली ती थेट मोरूकाकांच्या दुकानात.

"काका, मला फोटो काढायला शिकवा."

"कॅमेरा हाय ना तुझ्याकडं? मग काढ."

"तसा नाय. तोंड दिसेल असा. बघेल असा."

काकांनी चष्मा खाली घेतला. पहिल्यांदाच तो त्यांना लगेच सापडला होता. गल्ल्याखालून त्यांनी एक जुनी लग्नपत्रिका काढली, जाड पुठ्ठ्याची. ब्लेडनं तिच्यात फोटोच्या आकाराची खिडकी कापली नि पुतळीच्या हातात दिली.

"महिनाभर यातनं बघायचं. एक डोळा मिटून. कॅमेऱ्याला हात नाय लावायचा. तू मूर्ती बघतंस. मूर्तीला मागंपुढं काय नसतं, पाट असतो. माणसाच्या मागं खांब असतो, दोरी असते, दुसऱ्याची म्हैस असते. आधी ते बघायला शीक. आणि उजेड कुठनं येतो ते. माझ्याकडं येताना सांग मला, तुझ्या मावशीच्या घरात उजेड कुठनं येतो."

पुतळीला सांगता येईना. दोन वर्षं त्या घरात जात होती ती.

"बघ! आणि हो, तुझा कॅमेरा अडीच हाताच्या आत धुरकट काढतो. अडीच हात. त्याच्या बाहेर राहा, पण उडवीच्या मागं जाऊ नको."

उडवीचं तिनंच कधीतरी बोलता बोलता सांगितलं असणार. काकांनी लक्षात ठेवलं होतं.

जोह्यात मग महिनाभर तमाशा झाला. पुतळी येता-जाता लग्नपत्रिका डोळ्याला लावायची. शेजारची हौसा कपडे वाळत घालता घालता कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गो पुतळे, पत्रिकेतनं काय बघतंस? लगीन कुणाचं?"

"तुझं."

"माझं झालंय बाय, तेच निस्तरतंय. दुसरं कोण करील?"

"हस तशीच. नको नको, माझ्याकडं नको बघू. चिमटे लाव."

बघता बघता पुतळीला दिसू लागलं. जगन न्हाणीघराशी उभा असला, की त्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवायचा. ती अर्धं पाऊल डावीकडे झाली, की खांब जायचा आणि जगन उरायचा. हौसा खिडकीच्या मधोमध धरली, की देवळात बसवल्यासारखी वाटायची. तिला जरा कडेला घेतली, ती ज्या बाजूला बघतेय तिकडं मोकळं सोडलं, की वाटायचं तिकडून आता कुणीतरी येणार आहे. दुपारी दारात चेहरे चपटे दिसायचे. सकाळी त्याच दारात, त्याच माणसाच्या गालाला खळगा आणि नाकाला बाजू यायची.

एकच गोष्ट जमेना. ती जवळ जायची, हौसाचा चेहरा खिडकीत मोठा व्हायचा, आणि मग कडेला तिचं कोपर कापलं जायचं. पुठ्ठ्याची धार कोपरावर आली, की पुतळीचा पाय आपोआप मागं पडायचा. एक पाऊल, अजून एक.

ती काकांकडे गेली. "काका, हात कापला जातो."

"कुणाचा?"

"हौसाचा."

"रक्त आलं?"

"काका!"

"मग? तुझा गणपती पाटावर संपतो, पुतळी. हौसा कुठं संपते? तिचा हात चौकटीच्या बाहेर हाय, चिमटा लावतोय. बघणाऱ्याला कळतं ते. जा, आता रोल घाल."

हैबतरावांच्या नव्या साच्यांचे फोटो काढून झाले होते. पाच उरले होते. शिमग्याला आठ दिवस होते.

पुतळी अष्टमीला पोचली, तर मावशी तयार. हिरवं नऊवारी, कपाळाला आडवं कुंकू, नथसुद्धा. ओसरीच्या मधोमध ताठ उभी राहिली, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले, श्वास रोखला.

"काढ."

"मावशे, श्वास घे."

"घेतलाय. आत हाय. काढ लवकर."

पहिला गेला. दुसऱ्याला पुतळी म्हणाली, "जरा हस," तर मावशीनं दात दाखवले, जसे डॉक्टरला दाखवतात. तिसऱ्याला समोरून शेजारणीनं हाक मारली. चौथ्याला मावशीनं डोळे मिटले. उरला एक.

पुतळीनं कॅमेरा खाली ठेवला. "राहू दे. कपडे बदल. बिरडं भिजवलं असशील ना, चल, सोलायला लागते."

मावशीला हायसं वाटलं. जुनं लुगडं नेसून ती मागच्या दाराच्या जरा आत पाट घेऊन बसली, पुढ्यात मोड आलेल्या वालाची परात. सकाळचं ऊन परसातून येऊन उंबऱ्यावर थांबलं होतं, आणि तिथून नुसता उजेड आत सरकत मावशीच्या चेहऱ्यावर पडत होता. या घरात उजेड कुठून येतो, ते पुतळीला आता कळलं.

दोघी सोलू लागल्या. वालाचा दाणा दाबला, की सुळकन सालातून बाहेर. मावशी बोलू लागली: चौथा मजला, सून, पाणी सकाळी सहालाच येतं म्हणे. पुतळी मनातल्या मनात पत्रिका धरत होती. मागं खांब नाही, दोरी नाही, अंधारी भिंत आहे. दारापासून पाटापर्यंत अडीच हात, वर चार बोटं.

"पाय धुऊन येते," ती म्हणाली आणि कॅमेरा पदराखाली घेऊन परसात गेली.

नळ सोडला. बंद केला. पायरीशी आली, उजेडात सावली पडू नये म्हणून एका कडेला उकिडवी बसली, कॅमेरा डोळ्याला लावला. मावशी सोलत होती. डोक्याच्या वरची जागा तिनं सोडून दिली. पदराचा काठ वरून कापला गेला. डावं कोपर गेलं. परात अर्धी गेली. पुतळीचा पाय मागं जायला आतुर झाला होता, तो तिनं तिथंच दाबून धरला. श्वास आत घेतला.

"मावशे, आले गो."

मावशीची मान वर झाली नाही. हात थांबले नाहीत. फक्त डोळे वर आले.

"आलीस गो?"

पुतळीनं बटण दाबलं. रेघ हलली नाही.

रोल पनवेलच्या लॅबला जाऊन यायचा. फोटो हातात आला, तो शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी. मोरूकाका पाकीट देताना काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "एक प्रत मी काचेत लावू का? दुकानात?"

पुतळीनं होकाराची मान हलवली आणि नदीच्या पुलावर आल्यावर पाकीट उघडलं.

फोटो चांगला होता. तिला ते बघताक्षणी कळलं, जसं आखणी बसल्याचं कळतं. अंधारातून पुढं आलेला चेहरा, एका बाजूला सरलेला, बोटांत धुरकटलेला दाणा, आणि ते डोळे. भुवयांखालून वर आलेले, सरळ तिच्याकडं बघणारे. ती कठड्याला टेकून बघत राहिली. एक माणूस सायकलची घंटी वाजवत गेला, दुसरा गेला. ती शोधत होती. डावा डोळा तोच होता. पापणीची घडी तीच होती. पण त्या नजरेत एक थट्टा होती, 'काय चाललंय या येडीचं' अशी. आई अशी कधी बघत नव्हती. आई वाट बघायची. ही वाट बघत नव्हती.

आई नव्हतीच त्या फोटोत.

मावशीच्या घरी गाठोडी बांधून ठेवली होती. उद्या मुलगा येणार होता. मावशी रिकाम्या ओसरीत बसली होती, पुतळीनं दिलेला फोटो हातात घेऊन.

"अगो बाय. ही मी?" तिनं फोटोवरून बोट फिरवलं. "माझं कोपर कुठं गेलं?"

"हाय, बाहेर. वाल सोलतंय."

मावशीनं पदरानं फोटोची कड पुसली. मग फोटोवरची नजर न काढता तिनं विचारलं, "शांतीसारखी आले काय?"

'व्हय' म्हणणं सोपं होतं.

"नाय गो. तू तुझ्यासारखी आलीस."

मावशीनं मान वर केली. "बरं झालं."

"मावशे..."

"दोन वरसं तू येतंस. माझ्याशी बोलतंस, माझ्या हातचा चहा पितंस, आणि बघतंस तिला. मला कळत नाय काय? मी म्हटलं, बघू दे. माझी भन हाय ती. पण मी बोलायचे ना, तेव्हा कधीतरी वाटायचं, ही पोर कधीतरी माझ्याकडं बघेल." तिनं फोटो पुतळीसमोर धरला. "हितं बघितलंस."

पुतळीला रडू आलं ते थांबेना. पिशवीतून ती रुमाल काढायला गेली, तर आईचा जुना फोटो बाहेर पडला. तो कायम पिशवीत असायचा. मावशीनं उचलला, उजेडाकडे वळून लांब धरला. बराच वेळ बघत राहिली.

"हिचा चेहरा नाय दिसत," पुतळी म्हणाली. "मीच मागं गेले. उन्हासाठी कपाळावर हात धरलान्, तेवढाच दिसतो."

"ऊन कुठं हाय? सावली बघ ना, पुढं पडलीय. ऊन तिच्या पाठीला हाय."

पुतळीनं फोटो ओढून घेतला. पिशवीतून पत्रिकेचा पुठ्ठा काढला, फोटोवर ठेवला, बोटानं खिडकी आईच्या हातापाशी सरकवली. अंगण गेलं, आभाळ गेलं. उरला तेवढा हात. कपाळावर नव्हता तो. चेहऱ्याच्या बाजूला, हवेत होता, आणि बोटं आतल्या बाजूला वळलेली होती.

"बोलावतेय ती तुला," मावशी म्हणाली. "ये म्हणतेय. इतकी लांब कशाला जातंस, इकडं ये."

परसातल्या नळाचं पाणी टपटपत होतं. पुतळी फोटोकडं बघत राहिली. तेव्हा ऐकू आलं नव्हतं, की ऐकू येऊनही ती मागं गेली होती, हे तिला आठवेना. हात मात्र होता. तीन वर्षं पिशवीत होता.

"मावशे," ती म्हणाली, "उद्या गाडीवर येते. नवा रोल मागते शेटकडं. तुझा आणखी एक..."

"नको. एक झाला ना?" मावशीनं जमिनीवर आपल्या बाजूला थोपटलं. "त्या यंत्राला किती लांब बसावं लागतं म्हणालीस?"

"अडीच हात."

"मग ठेव ते खाली. इकडं ये."

पुतळीनं खांद्यावरचा कॅमेरा गाठोड्यावर ठेवला आणि सरकली. दीड हात, एक हात. मावशीचा खांदा तिच्या खांद्याला लागला. इतक्या जवळून कॅमेऱ्यात काहीच धड आलं नसतं. मावशीच्या लुगड्याला वालाचा आणि चुलीचा वास येत होता, आणि दोघी आईचा फोटो मांडीवर घेऊन, त्या वर केलेल्या हाताकडं बघत बसल्या.